तिसरं लाल कार्ड

सुकेशनी खिल्लारेला अकरा वर्षांत मी खुर्चीवर बसलेली फार तर दहा-बारा वेळा पाहिली असेन. पूर्णेच्या आमच्या कॉलेजात ती खेळाची शिक्षिका होती आणि मी ग्रंथपाल. रोज अकराच्या सुमाराला ती ग्रंथालयात यायची, पेपरातलं खेळाचं पान काढायची आणि उभ्याउभ्या वाचायची. वाचतानाही टाचा वरखाली चाललेल्या असायच्या. मी म्हणायचे, "अगं, बस की जरा." "बसते की, ताई," असं म्हणून ती खिडकीपाशी जायची आणि मैदानावर कोण आलंय ते बघत राहायची.

मैदान म्हणजे तरी काय, काळ्या मातीचा एक चौकोन. उन्हाळ्यात भेगा पडायच्या, पावसाळ्यात चपला रुतायच्या. सकाळी गावातली माणसं तिथं गाडी शिकायला यायची आणि तिनं आखलेल्या पट्ट्यांवरून चाकं फिरवून जायची. मग ती घमेल्यात फक्की घेऊन पुन्हा आखायला लागायची. शिपायाला सांग म्हटलं, तर म्हणायची, "त्यो वाकडी मारतोय." एकदा तर प्राचार्यांकडं पाहुणे आले होते आणि ही मैदानाच्या मध्यभागी कोपरापर्यंत पांढरी होऊन उभी. पाहुण्यांनी विचारलं, रंगकाम चाललंय का?

तिची नेमणूक तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये जाहिरात निघायची, दर जुलैत मुलाखत व्हायची. मुलाखत घेणारे तेच, देणारी तीच. अकरा वर्षं तिला त्याच माणसांनी विचारलं की आपण खेळाकडं कशा वळलात, आणि अकरा वर्षं तिनं उत्तर दिलं.

खरं उत्तर तिनं मला सांगितलेलं. तिचे वडील भगवानराव रेल्वेत कीमॅन होते. हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा, कुठं चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. शाळेला सुटी असली की सुकेशनी त्यांच्याबरोबर निघायची. रुळांमधल्या स्लीपरवर पाय टाकत चालायची सवय तिला तिथं लागली. पाऊल लांब टाकलं तरी चुकतं, आखूड टाकलं तरी खडीत जातं. गाडी आली की बाजूला व्हायचं आणि गेली की पुन्हा चालायला लागायचं. आई सरजाबाई म्हणायची, पोरीच्या पायाला भिंगरी हाय.

कॉलेजात आल्यावर तिनं धावायच्या सगळ्या शर्यतींत नाव दिलं आणि कशातच निवड झाली नाही. चालण्याच्या शर्यतीला मात्र कुणी नाव देत नव्हतं. ती शर्यत बघून लोक हसतात. कंबर हलते, हात कोपरात मोडून पुढंमागं होतात, आणि एवढं करून माणूस पळत का नाही हे बघणाऱ्याला कळत नाही. सुकेशनीनं नाव दिलं आणि विद्यापीठात पहिली आली. पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊ साली, ती देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला दक्षिणेत गेली. पाच किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला ती तिसरी होती. घंटा वाजली, तिनं वेग वाढवला आणि ऐंशी मीटर उरले असताना मुख्य पंच लाल पाटी घेऊन तिच्यासमोर आला. बाद.

चालण्याच्या शर्यतीचे नियम दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला पाहिजे. आणि पुढचा पाय टेकला की अंग त्याच्यावरून जाईपर्यंत गुडघा सरळ राहिला पाहिजे. मार्गावर ठिकठिकाणी पंच उभे असतात. संशय आला तर ते पिवळी पाटी दाखवून सावध करतात, खात्री झाली तर लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडं पाठवतात. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की चालणारा बाद होतो.

"ताई, मी उडाले न्हवते," ती मला पहिल्याच वर्षी म्हणाली होती. उडणं म्हणजे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटणं. "तिसरं कार्ड लिवणाऱ्या पंचाला दिसलंच न्हाई. त्यो माझ्या पाठीमागून बघायलाता." हे ती इतक्यांदा बोलली की मला त्या न पाहिलेल्या पंचाचा चेहरासुद्धा ओळखीचा वाटायला लागला. तो कसा चुकला हे शोधून काढायला तिनं नियमांचं पुस्तक पाठ केलं. शारीरिक शिक्षणाच्या दोन पदव्या घेतल्या. शेवटी पंचाची परीक्षाही दिली आणि पास झाली. आपल्या भागात चालण्याच्या शर्यतीचे परीक्षा पास झालेले पंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात ही एक. पण मनातली तगमग गेली नाही ती नाहीच.

दैवशाला तिला सापडली ती रस्त्यावर. दैवशाला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. गाव पूर्णेपासून सात किलोमीटर, घरी मेंढरं. दुपारची एसटी चुकली की ती चालत घरी जायची. एके दिवशी सुकेशनी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जात होती. तिनं गाडी थांबवायला लावली, उतरली आणि त्या पोरीच्या मागं चालायला लागली. पोरगी घाबरली आणि तिनं वेग वाढवला. हिनंही वाढवला. पोरगी शेवटी वळून म्हणाली, "मॅडम, मी काय केलंय?"

"काय न्हाई. चाल तू. पळू नको, फकस्त चाल."

दुसऱ्या रविवारी सुकेशनी त्यांच्या घरी गेली आणि मलाही बरोबर घेतलं. वयानं मोठी बाई बरोबर असली म्हणजे आईबाप ऐकतात, असा तिचा हिशेब. दैवशालाचे वडील रायभान अंगणात लोकर कातरत बसले होते. सुकेशनीनं सगळं समजावून सांगितलं. ते कातरी थांबवून म्हणाले, "चालायची शर्यत? आमी तर जलमभर चालायलोत. आमाला कुणी नंबर दिला न्हाई."

"म्हणून तर आलेय, मामा. तुमच्या पोरीला मिळंल."

त्यांना ते पटलं असावं, कारण ते हसले. दैवशालाची आई कासाबाई मात्र हसली नाही. तिचा प्रश्न कपड्यांचा होता. गुडघा सरळ आहे की नाही हे पंचांना दिसायला पाहिजे, म्हणजे सलवार चालणार नाही, हे कळल्यावर तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"गुडघेच बगायचेत का त्यान्ला? दुसरं काय न्हाई का बगायला?"

"मामी, गुडघा वाकला की बाद करत्यात. म्हणून बघत्यात."

"तुमी असल्याच कपड्यात चालल्या का?"

"व्हय."

"आन तुमच्या आईनं चालू दिलं?"

"तिनं तीन दिवस अबोला धरला. मग चौथ्या दिवशी म्हणाली, जा."

कासाबाईनं तीन दिवस नाही, तीन आठवडे घेतले. शेवटी पायाला घट्ट बसणारी, गुडघ्याच्या खालपर्यंतची काळी विजार ठरली. तीसुद्धा कासाबाईनं स्वतः बाजारात येऊन, ओढून-ताणून बघून घेतली.

मग अडीच वर्षं त्या दोघी त्या मैदानावर होत्या. मी खिडकीतून बघायचे. दैवशालाला वेग मुळातच होता, गुडघा मात्र वाकायचा. मेंढरांमागं शेताच्या ढेकळांतून चालणाऱ्याचा गुडघा वाकणारच. सुकेशनी तिच्या शेजारून चालत ओरडायची, "टाच! टाच आदी! गुडघा कुटं गेला?" मुलगी रडायची, चिडायची, दोन दिवस यायची नाही, तिसऱ्या दिवशी यायची. पहिल्या वर्षी विद्यापीठात ती सातवी आली, दुसऱ्या वर्षी दुसरी. तिसऱ्या वर्षी ती पहिली येईल हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सुकेशनीचं वजन त्या पावसाळ्यात चार किलोनं उतरलं. जेवणाचा डबा उघडायची, दोन घास खायची आणि घड्याळात सेकंद मोजत उठायची.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा परभणीला होत्या. स्पर्धेच्या आठ दिवस आधी सुकेशनीच्या नावानं पत्र आलं, चालण्याच्या शर्यतीसाठी आपली पंच म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.

ती पत्र घेऊन आधी माझ्याकडं आली, मग प्राचार्यांकडं गेली. मीही बरोबर होते.

"सर, माझी पोरगी शर्यतीत हाय. मी पंच कशी होऊ?"

प्राचार्य खूश झाले. "अहो, चांगलंच आहे की! आपला माणूस आत असलेला बरा. मुलींचं सर्वसाधारण विजेतेपद यंदा आपल्याकडं यायला पाहिजे. मार्चमध्ये कॉलेजची तपासणी करायला नॅकची समिती येतेय. क्रीडा विभागात दाखवायला काय आहे आपल्याकडं? दोन वर्षांपूर्वीचा कबड्डीचा एक फोटो."

तिनं तिथूनच मुख्य पंचांना फोन लावला. ते नांदेडकडचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही नाही आलात तर पंचांची संख्या भरत नाही. शर्यत रद्द करावी लागेल. तुमच्याकडं एका खेळाडूसाठी एकच कार्ड असतं. बाकीचे आहेतच की."

म्हणजे नाही म्हणावं तर दैवशालाचं तिसरं आणि शेवटचं वर्ष असंच जाणार. हो म्हणावं तर तिच्याकडं पंच म्हणून बघावं लागणार. त्या आठवड्यात सुकेशनी ग्रंथालयात यायची आणि कपाटांच्या रांगांमधून नुसती फिरायची. पुस्तक काढायची, ठेवायची. मी म्हटलं, "इतकं काय? पोरगी नीट चालते आता."

"नीट चालतीय ताई. पर घंटा वाजल्यावर काय करंल ते मला बी सांगता यायचं न्हाई."

ती पंच असल्यानं संघाबरोबर कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून प्राचार्यांनी मला पाठवलं. आयुष्यात एक चेंडू न झेललेली मी, गळ्यात 'संघ व्यवस्थापक' असं ओळखपत्र अडकवून सकाळच्या पॅसेंजरनं अकरा मुलींना घेऊन निघाले. सुकेशनी त्याच गाडीत होती, पण दुसऱ्या डब्यात चढली. चढण्याआधी ती दैवशालाजवळ आली.

"दैवशाला, आज मी तुझी मॅडम न्हाई. मैदानावर माझ्याकडं बघू नको. मी काय बोलणार न्हाई."

दैवशाला हसून म्हणाली, "बरं, मॅडम."

पहिल्या दिवशी आमच्या मुलींनी भालाफेकीत आणि रिलेत गुण मिळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चालण्याची शर्यत होती. पाच किलोमीटर, म्हणजे साडेबारा फेऱ्या. नऊ मुली उभ्या राहिल्या. मैदानाच्या कडेला एक फळा होता, त्यावर मुलींचे क्रमांक आणि पुढं कार्डांसाठी चौकोन. लाल कार्ड आलं की एक मुलगा त्या चौकोनात लाल गोल चिकटवायचा. सुकेशनी शेवटच्या वळणावर उभी होती. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात पिवळ्या पाट्या आणि कार्डांची वही. मी तिला इतकी स्थिर कधी पाहिली नव्हती. ती हलतच नव्हती.

पहिल्या चार फेऱ्यांत सात मुली मागं पडल्या. पुढं राहिल्या दोघी, दैवशाला आणि नांदेडच्या एका कॉलेजची उंच मुलगी. दोघींचे खांदे एका रेषेत. आमच्या मुली "दैवशाला! दैवशाला!" ओरडत होत्या, मीही ओरडत होते, माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सातव्या फेरीत दैवशालाच्या क्रमांकापुढं पहिला लाल गोल लागला. नवव्या फेरीला सुकेशनीनं तिला पिवळी पाटी दाखवली. लांबूनही मला दिसलं, दैवशालानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. बघू नको सांगितलं होतं तरी पाहिलं. दहाव्या फेरीत दुसरा गोल लागला. हा दुसऱ्याच कुणा पंचाचा होता.

मला वाटलं, आता ती सावकाश होईल. दुसरी आली तरी गुण मिळतात. ती सावकाश झालीसुद्धा, एक फेरी. उंच मुलगी दहा पावलं पुढं गेली. मग शेवटच्या फेरीची घंटा वाजली.

दैवशालानं जे केलं ते बघायला सुंदर होतं, एवढंच मला सांगता येईल. ती त्या पोरीला समोरच्या सरळ पट्टीवर गाठत गेली, वळणावर शेजारी आली आणि वळण संपताना पुढं निघाली. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मात्र वळणाकडं बघत होते. सुकेशनी खाली बसली होती, गुडघ्यावर, पाय नीट दिसावेत म्हणून पंच बसतात तशी. दैवशाला तिच्यासमोरून गेली. सुकेशनी उठली. वही उघडली. काही क्षण तशीच थांबली. मग तिनं लिहिलं, कागद फाडला आणि कार्ड नेणाऱ्या मुलीच्या हातात दिला.

दैवशालानं सगळ्यांत आधी शेवटची रेषा ओलांडली. हात वर केले. आमच्या मुली कुंपणावरून उड्या टाकून आत धावल्या. त्या गर्दीतून मुख्य पंच लाल पाटी हातात घेऊन आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि हलकेच म्हणाले, "बेटा, बाद."

तिला आधी कळलंच नाही. मग ती फळ्याकडं बघत राहिली, मुलगा तिसरा गोल चिकटवत होता. दुपारी सगळ्या कार्डांचा तक्ता भिंतीवर लागला. त्यात प्रत्येक कार्डापुढं पंचाचं नाव असतं. दैवशालानं तो तक्ता वाचला आणि जाऊन संघाच्या सतरंजीवर भिंतीकडं तोंड करून पडली.

मुलींचं सर्वसाधारण विजेतेपद आमच्या हातून तीन गुणांनी गेलं. पहिल्या क्रमांकाचे पाच गुण होते. प्राचार्यांचा फोन माझ्याकडं आला. ते ओरडले नाहीत. "खिल्लारे मॅडमना सांगा, अभिनंदन," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

परतीच्या गाडीत दैवशाला दारापाशी उभी राहिली. सुकेशनी आमच्याबरोबर आलीच नाही, मागच्या गाडीनं आली. तिला मी दुसऱ्या दिवशी मैदानावर गाठलं. फक्कीचं घमेलं तिच्या पायाशी होतं आणि ती आखलेल्या रेषेवरूनच पुन्हा रेषा मारत होती.

"खरंच दिसलं का गं तुला?" मी विचारलं.

"दिसलं. दोन्ही पाय." ती रेषेवर फक्की सोडत म्हणाली, "दिसलं म्हणून लिवलं. आता डोळे मिटले की कधी दिसतंय, कधी न्हाई."

आमच्या एका मुलीनं मोबाइलवर शर्यत टिपली होती. ती चित्रफीत कॉलेजभर फिरली. कुणीतरी ती थांबवून, मोठी करून दाखवलं, बघा, दैवशालाचे दोन्ही पाय हवेत. मग दुसऱ्या कुणी दाखवलं की त्या नांदेडच्या मुलीचेही हवेत आहेत. हळूहळू चालवली तर नऊच्या नऊ मुली हवेत होत्या. सुकेशनी म्हणाली, असंच असतं. इतकं बारीक साऱ्यांचंच सुटतं. म्हणून तर नियमात लिहिलंय, माणसाच्या उघड्या डोळ्याला दिसेल तेवढंच धरायचं. हे ऐकून कुणाचं समाधान झालं नाही. तिचंही झालं नसावं, कारण ती बोलताबोलता निघून गेली.

दैवशाला कॉलेजात यायची बंद झाली. पंधरा दिवस झाले. सुकेशनी रोज तासाला हजेरी घ्यायची आणि तिच्या नावापाशी आली की पेन खाली ठेवायची. सोळाव्या दिवशी ती मला म्हणाली, "चला."

घरी कासाबाई एकटीच होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि समोर उभी राहिली.

"मॅडम, माजी पोरगी पंधरा दिस धड जेवली न्हाई. तुमी तिला खामखा त्या नादाला लावलं, आन तुमीच पाडलं. आमी अडाणी मान्सं, आमाला काय कळत न्हाई. पर हे कामून केलं तेवडं सांगा."

"ती कुटं हाय, मामी?" एवढंच सुकेशनीनं विचारलं.

दैवशाला गावाबाहेरच्या पडीक रानात मेंढरांमागं होती. आम्हाला बघून ती उलट्या दिशेनं चालायला लागली. सुकेशनी तिच्या मागं. मी बांधावर थांबले, पण वारा माझ्याकडं होता आणि दोघीही मोठ्यानं बोलत होत्या.

"तुमचं कार्ड नसतं तर मी पयली होते."

"व्हय."

"दोन कार्डं पडलीती. तुमाला ठाव होतं. फळ्यावर दिसायलतं."

"व्हय, ठाव होतं."

"मग कामून दिलं?"

"तू उडालीस."

"मला कळलंच न्हाई! खरं सांगते मॅडम, मला वाटलं मी चालायलेय."

सुकेशनी चालता चालता थांबली. दैवशालाही चार पावलं पुढं जाऊन थांबली.

"मला बी कळलं न्हवतं," सुकेशनी म्हणाली. "पंधरा वर्षं मी साऱ्यांना सांगायलेय, त्यो पंच आंधळा होता म्हणून. परवा तू माझ्यासमोरून गेलीस तवा मला माझेच पाय दिसले. घंटा वाजली, मी जोर लावला, आन मी उडाले असंन. कळत न्हाई त्या टायमाला. आतून कळतच न्हाई."

मेंढरं दोघींच्या मधून निघून गेली. मग दैवशाला म्हणाली, "ते मला आदी सांगायचं होतं. घंटा वाजल्यावर काय होतंय ते. गुडघा गुडघा करत अडीच वर्षं घालवली तुमी. ह्ये कुटं शिकवलं?"

खरंच शिकवलं नव्हतं. आपण उडालोच नाही असं मानणारी बाई दुसऱ्याला न उडायला कसं शिकवणार?

"मी रागच धरणार हाय," दैवशाला म्हणाली.

"धर."

"परीक्षेला येईन. मैदानावर येणार न्हाई."

आणि ती आली नाही. मार्चमध्ये नॅकची समिती आली, कबड्डीचा फोटो बघून गेली. जूनमध्ये जाहिरात निघाली, जुलैत मुलाखती झाल्या. या वेळी यादीत सुकेशनीचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. तिनं माझ्या टेबलावर शिट्टी आणि भांडारघराची किल्ली ठेवली. मला रडू आलं, तर ती म्हणाली, "ताई, जिंतूरकडं एका कॉलेजात जागा हाय. तिथं बी तासिकाच. मैदान बरं हाय म्हणत्यात."

मैदान बरं नव्हतं, नंतर कळलं. पण तिथून येलदरी धरणाकडं जाणारा रस्ता सकाळी मोकळा असतो, आणि तिनं महिन्याभरात पाच मुली त्या रस्त्यावर चालायला काढल्या. मला फोन करायची. तीन मिनिटांत पाच विषय, आणि मध्येच "टाच! टाच आदी!" असं दुसऱ्याच कुणावर ओरडणं. फोन ठेवताना एक प्रश्न ठरलेला. "दैवशालाचं काय कळलं का?"

कळलं होतं. ती परभणीला शारीरिक शिक्षणाच्या पदवीला गेली होती. रायभानमामा एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, पोरगी पुन्हा चालायलीय, एकटीच. मी हे सुकेशनीला सांगितलं. त्यानंतर आठवडाभर तिचा फोन आला नाही. मग दैवशालाचा आला, माझ्याकडं, पहिल्यांदाच. तिनं विचारलं, "ताई, मॅडमचा नंबर त्योच हाय का?"

दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला एवढंच कळलं की त्या दिवसापासून दर रविवारी सुकेशनी सकाळच्या पहिल्या बसनं परभणीला जायला लागली आणि त्या दोघी कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या रस्त्यावर चालायला लागल्या. सुकेशनी तिथंच मागून घेतलेल्या सायकलला घंटा लावून तिच्या शेजारून चालवायची. चालणं अगदी रंगात आलं की ती मध्येच, न सांगता, घंटा वाजवायची. दैवशालानं घंटा ऐकूनही पाऊल तेवढंच टाकायचं. पहिले दोन महिने ती दर वेळी उडाली. दर वेळी दोघींचं भांडण झालं.

यंदाच्या जानेवारीत राज्य पातळीची दहा किलोमीटरची खुली चालण्याची शर्यत झाली, एका मोठ्या शहरात, सकाळच्या थंडीत, डांबरी रस्त्यावर. मी आता निवृत्त झालेय, मला वेळ होता. मी आणि सुकेशनी कुंपणाबाहेर, बघ्यांत. तिला पंच म्हणून बोलावणं होतं, तिनं आधीच कळवून टाकलं होतं की माझी मुलगी आहे, मी येणार नाही. तिथं पंच भरपूर होते. सगळा वेळ ती कुंपणाला धरून दैवशालाच्या बरोबरीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती आणि लोक तिला धक्के देत होते.

दैवशाला चौथी आली. पिवळी पाटी एकदा. लाल कार्ड एकही नाही. तिसरी आलेली मुलगी तिच्यापेक्षा सहा सेकंदांनी पुढं होती.

मी आनंदानं दैवशालाच्या अंगावर शाल टाकली. तिनं ती काढून माझ्याच हातात दिली. "सहा सेकंद!" ती सुकेशनीवर ओरडली. "मी शेवटी जोर लावला असता तर घेतलं असतं तिला. तुमच्या त्या घंटीमुळं मी भिऊन चालले."

"भिऊन न्हाई, नीट चाललीस. आन तुझा डावा घोटा बघ, भाईर पडायलाय. तिथं गेले सहा सेकंद."

"घोट्यानं काय होतंय?"

"काय होतंय? प्रत्येक पावलाला दोन बोटं कमी. कर हिशोब."

"मी न्हाई करत. परत असली शर्यत कवा हाय?"

"मार्चमध्ये. पर तू आदी घोटा..."

दोघी स्टँडच्या दिशेनं निघाल्या, भांडत, हात हलवत. दहा किलोमीटर चाललेली ती आणि सकाळपासून उपाशी असलेली ही, दोघींचाही वेग कमी होत नव्हता. दैवशालाची पिशवी, पाण्याची बाटली, शाल, सगळं माझ्याच हातात राहिलं होतं. मी मागून ओरडले, "अगं, थांबा की जरा! बस साडेअकराला आहे, आत्ता दहासुद्धा नाही वाजले!" चौकात सिग्नल लाल होता म्हणून दोघी थांबल्या, पण तिथंही एका जागी उभ्या नव्हत्या. सुकेशनी खाली वाकून, भर रस्त्यात, स्वतःचा घोटा हातानं धरून तिला काहीतरी दाखवत होती.